समासातल्या नागमोडी रेघा

नाट्यमंडळात त्यांना सगळे अर्थिंगकाका म्हणत. ध्वनिव्यवस्थेत कुठे खरखर आली, कुठे घुंऽऽ असा हम धरला, की काकांचे पहिले वाक्य ठरलेले असे, ‘आधी अर्थिंग बघा.’ दहापैकी सात वेळा दोष तिथेच निघे आणि उरलेल्या तीन वेळा अर्थिंग बघता बघता सापडे. त्यामुळे नाव चिकटले ते कायमचेच. तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती, तरी हत्यारांची पेटी उघडावी तर प्रत्येक पक्कड आपापल्या खाचेत निजलेली दिसे. खिशात कायम एक वही असे. तीत तारीख, वेळ, दोष, कारण आणि उपाय असे पाच रकाने आखलेले. जे वहीत उतरले नाही ते घडलेच नाही, असा काकांचा खाक्या होता.

त्यांची बायको त्याच मंडळात प्रॉम्प्टर होती. एकतीस वर्षे ती डाव्या विंगेत एका खुर्चीवर मांडीवर संहिता घेऊन बसत आली होती. सगळ्या नटांची ती मावशी. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानावर घालायचा आणि तोही असा, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालासुद्धा पत्ता लागू नये. हे काम सांगायला सोपे आहे. अवघड भाग निराळाच. नट थांबला म्हणजे तो विसरलाच असे नसते. पुष्कळदा तो मुद्दाम थांबतो आणि त्या थांबण्यासाठीच तर त्याने महिनाभर घाम गाळलेला असतो. तिथे शब्द देणे म्हणजे ताटावर बसलेल्याच्या हातातला घास काढून घेणे. पण विसरलेल्या माणसाचा श्वास वरच्या वर अडकतो आणि थांबलेल्याचा सावकाश खाली उतरतो. मावशी तो श्वास ऐके. एकतीस वर्षांत तिने चुकीच्या जागी एकही शब्द दिला नव्हता, आणि ही गोष्ट तिच्याखेरीज फारशी कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

दीड वर्षापूर्वी तिला ऐकू कमी येऊ लागले. श्रवणयंत्र आले. घरातले बोलणे त्याने कळे, पण विंगेत बसून पाठमोऱ्या नटाचे बोलणे ऐकायचे म्हणजे नुसता कालवा. तेव्हा काकांनी तिच्या खुर्चीभोवती, जाजमाखालून, तांब्याच्या तारेचे बारा वेढे फिरवले. रंगमंचाच्या कडेला लावलेल्या मायक्रोफोनांतला आवाज एका छोट्या अँप्लिफायरमधून त्या वेढ्यांत सोडला. अशा वेढ्यांना लूप म्हणतात. श्रवणयंत्राच्या पोटात केसासारख्या तारेची एक बारीक कॉइल असते. यंत्राचे बटण विशिष्ट जागी सरकवले की यंत्र भोवतालची हवा ऐकायचे सोडते आणि लूपमधला आवाज, कसलाही कलकलाट मध्ये येऊ न देता, चुंबकाच्या वाटेने थेट कानात उतरवते.

हा लूप काकांनी आधी घरी बैठकीच्या खोलीत मांडून पाहिला होता. मावशीला मधोमध बसवले, मायक्रोफोन स्वयंपाकघरात नेला आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, ‘चहा टाकू का?’

बाहेरून उत्तर आले, ‘एवढ्या वर्षांत टाकलात का कधी?’

काकांनी त्या दिवशी वहीत ‘चाचणी यशस्वी’ असे लिहिले आणि चहाही टाकला.

या वर्षीच्या नाटकात मुख्य भूमिका वकिलांची होती. ते खरोखरीचेच वकील, दिवसा कोर्टात आणि संध्याकाळी तालमीत. नाटकात ते बाप झाले होते. दुसऱ्या अंकात मुलगी घर सोडून निघते, बाप दाराकडे बघत उभा राहतो, बराच वेळ काहीच बोलत नाही आणि मग एवढेच म्हणतो, ‘छत्री घेऊन जा.’ सगळे नाटक त्या न बोलण्यावर उभे होते.

प्रयोग रविवारी होता. त्याआधीच्या मंगळवारी तालमीत वकील तिथे थांबले आणि डाव्या विंगेतून स्वच्छ शब्द आले, ‘छत्री घेऊन जा.’

वकिलांनी ते वाक्य म्हटले, पण कोर्टात तारीख मागावी तसे. प्रवेश भुईसपाट झाला. नंतर सगळे जण उगाच पाणी प्यायला गेले. मावशी संहितेकडे बघत बसून राहिली.

दिग्दर्शक शाळेत असताना पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला होता, तेव्हा त्याला पहिला शब्द मावशीनेच दिला होता. तिच्याशी बोलणे त्याच्या जिवावर आले. त्याने काकांना बाहेर स्कूटरपाशी गाठले, किल्ली हातात फिरवत इकडचे तिकडचे बोलला आणि शेवटी म्हणाला, की मावशींवर फार ताण पडतोय, या प्रयोगापुरती त्यांनी विश्रांती घेतली तर कसे. आपली मेहुणी बसायला तयार आहे, बँकेत कामाला आहे, वाचन स्पष्ट आहे. मेहुणीचे वाचन स्पष्ट होते हे खरे. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, आणि प्रॉम्प्टरच्या अंगी नेमका तोच गुण नको असतो. पण काका म्हणाले, ‘मला एक दिवस दे. मी सगळं तपासतो.’

घरी मावशीने आपण होऊनच विषय काढला. ‘अहो, दुसऱ्या अंकात घुमतं हो. शब्द येतात, पण श्वास बुडून जातो. वकील थांबले की अडकले, मला कळलंच नाही.’

बुधवारी सकाळीच काका पेटी घेऊन नाट्यगृहात गेले. हम शोधण्याची त्यांची रीत कडक होती. आधी इमारतीतले सगळे बंद करायचे, पंखे, दिवे, वातानुकूलन, सारे काही. मग ध्वनियंत्रणेतली एकेक वस्तू जोडत जायचे आणि प्रत्येक जोडणीनंतर ऐकायचे. जिच्यानंतर हम येईल ती चोर. या रीतीने त्यांनी आजवर कितीतरी चोर पकडले होते. मायक्रोफोन जोडले, शांत. मिक्सर जोडला, शांत. लूपचा अँप्लिफायर जोडून त्याच्या तोंडाशी हेडफोन लावला, तरी शांत. अर्थिंग पाहिले, तेही चोख. दुपारी ते मावशीला घेऊन कानाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने यंत्र तपासले आणि नव्यासारखे चालतेय म्हणून सांगितले.

जेवताना काकांनी वही उघडून नोंद वाचून दाखवली. दोष आढळला नाही.

‘मग?’ मावशीने विचारले.

‘मग काय. लूप ठीक आहे. यंत्रही ठीक आहे.’

पुढचे वाक्य ते बोलले नाहीत. पण पुढचे वाक्य ओळखण्यातच जिचा जन्म गेला होता, तिला ते कळायला वेळ लागला नाही. तिने ताट सरकवले, कानातून यंत्र काढले, त्याच्या छोट्या डबीत ठेवले आणि डबीचे झाकण लावले. ती भांडली असती तर काकांना बरे वाटले असते. भांडणाला उत्तर तरी देता येते.

गुरुवारी सकाळी तिने संहिता एका कापडी पिशवीत घालून त्यांच्या हाती दिली. ही मेहुणीला बँकेत नेऊन द्या, म्हणाली. तालमी दोनच उरल्यात, बिचारीला वेळ तरी मिळू दे. काका काही सांगायला गेले, तर तिने कानाकडे बोट दाखवले. यंत्र डबीत होते. ती भाजी निवडत बसली. आपल्याच घरात आपल्याच बायकोशी बोलायची सोय उरू नये, ही गोष्ट काकांनी यापूर्वी कधी अनुभवली नव्हती. ते पायात चपला अडकवून निघाले.

बँक दहाला उघडायची. काका सवयीप्रमाणे चाळीस मिनिटे आधी पोचले आणि समोरच्या बाकावर बसले. पिशवी मांडीवर होती. दुसऱ्याची वही उघडायची नाही हा नियम त्यांनी लग्नानंतरही पाळला होता, त्यामुळे एकतीस वर्षांत तिची एकही संहिता त्यांनी आतून पाहिलेली नव्हती. आज मात्र ती दुसऱ्याच्याच हाती जाणार होती. काकांनी इकडे तिकडे पाहिले आणि ती उघडली.

आत पेन्सिलीचे एक सबंध राज्य होते. शब्दांवर बारीक ठिपके होते, नट कुठे श्वास घेतो त्याचे. जिथे कुणी मुद्दाम थांबे तिथे अर्धगोल, आणि थांबा लांब असेल तर त्याच्यापुढे आकडा. समासात बारीक शेरे होते. ‘वकील इथे घाई करतात.’ ‘मुलीचा घसा बसलाय, वाट बघणे.’ काका आपल्या पाच रकान्यांचा मनोमन विचार करू लागले आणि त्यांना थोडे ओशाळल्यासारखे झाले.

मग एक्केचाळिसावे पान आले. पानाच्या मध्यावर, बापाचे वाक्य होते, ‘केवढा अंधार करून बसलीस’, तिथून समासात एक नागमोडी रेघ सुरू झाली होती. ती पाने उलटत सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत गेली आणि एका ओळीवर कापल्यासारखी थांबली. बावन्नाव्या पानावर पुन्हा सुरू, अठ्ठावन्नाव्यावर पुन्हा बंद. रेघेच्या सुरुवातीला एकाखाली एक पाच तालमींच्या तारखा होत्या. पाची तारखांची सुरुवात एकाच वाक्यावर होती. आणि सर्वांत वरच्या तारखेपुढे, तीन आठवड्यांपूर्वीच्या, दोनच शब्द लिहिलेले होते. ‘यांना सांगितलं.’

काकांनी खिशातली वही काढून त्या तारखेचे पान पाहिले. पान कोरे होते. त्या दिवशी ती काहीतरी म्हणाली होती खरी आणि आपण ‘बघतो’ म्हणालो होतो, एवढे त्यांना अंधूक आठवले.

कानाचा भास असता तर तो संवाद बघून सुरू झाला नसता आणि ओळ बघून थांबला नसता. त्या वाक्यावर रंगमंचावर काय होते? बाप बटण दाबतो आणि वरच्या दिव्यांची आख्खी रांग पेटते. आणि काकांनी काल तपासणी केली ती सगळे दिवे बंद करून.

बँकेचा दरवाजा उघडला तेव्हा बाकावर कुणी नव्हते.

नाट्यगृहात वायरमन एकटाच होता. चाळिशीतला, कामाला वाघ आणि तोंडाने तिखट. काकांनी त्याला दुसऱ्या अंकाचे दिवे लावायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘आज अर्थिंग नाही बघायचं? तब्येत बरी आहे ना, काका?’

काका मावशीच्या खुर्चीवर बसले. काल विंगेतच ठेवलेल्या पेटीतून त्यांनी विजेच्या जुन्या रिले-स्विचची एक कॉइल काढली, ती खिशात मावणाऱ्या छोट्या अँप्लिफायरला जोडली आणि हेडफोन कानावर चढवला. आता मावशीच्या यंत्राला जे ऐकू येते, साधारण तेच त्यांना ऐकू येणार होते. लूपचा वीजपुरवठा त्यांनी मुद्दाम काढून ठेवला होता. क्षणभर शांतता होती. मग वर दिव्यांची रांग पेटली आणि त्यांच्या डोक्यात एक जाड, करवतीसारखी धार असलेला आवाज घुसला.

त्यांनी हेडफोन काढला नाही. संहिता मांडीवर घेऊन ते एक्केचाळिसाव्या पानापासून सत्तेचाळिसाव्यापर्यंत, ती वाचते त्या गतीने, ओळीवर बोट ठेवत वाचत गेले. वायरमनला वाटले म्हाताऱ्याला झोप लागली. सहा मिनिटांनी काकांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. या आवाजात ती तीन आठवडे बसली होती आणि तरीही तिने शब्द बरोबर दिले होते. चूक एकदाच झाली, आणि तीही जिथे नुसता श्वास ऐकायचा होता तिथे.

लूप बंद असूनही हम होता, म्हणजे चोर बाहेरचा होता. काका कॉइल हातात धरून उठले. रंगमंचाच्या मध्यभागी आवाज कमी झाला. डाव्या भिंतीकडे येताच पुन्हा चढला. भिंतीला कॉइल टेकवली तर कान बधिर होण्याची वेळ. आवाज भिंतीतून वर, छताकडे चढत गेला होता.

‘त्या भिंतीत काही नाही,’ वायरमन म्हणाला. ‘वरच्या रांगेची फेज उजवीकडून जाते. डावीकडे नुसता न्यूट्रल परत येतो.’

काका जागच्या जागी थांबले.

अठरा वर्षांपूर्वी या नाट्यगृहात प्रत्येक प्रयोगाला मायक्रोफोनांतून भणभण येई. काकांनी शोध लावला, की दिव्यांची फेज मायक्रोफोनच्या तारांना खेटून जाते. त्यांनी ती उचलून उजव्या भिंतीवर नेली. न्यूट्रल निरुपद्रवी म्हणून डावीकडे होता तिथेच राहू दिला. भणभण नाहीशी झाली, मंडळाने टाळ्या वाजवल्या आणि ती कामगिरी काकांनी पुढे जमेल त्याला जमेल तेव्हा ऐकवली. पण वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परतते. दोन्ही तारा एकमेकींना लागून असल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना खोडतात. त्यांना वेगळे केले की दोघी आपापल्या भिंतीवरून बोंब मारत सुटतात. हा पहिल्या वर्षाचा धडा. मायक्रोफोनच्या पिळदार तारांना ती बोंब ऐकू गेली नाही, म्हणून काकांनाही गेली नाही. ती ऐकू येणारा या इमारतीतला पहिला कान मावशीचा होता.

‘पण फेज आणि न्यूट्रल असे दोन टोकांना कुणी नेले असतील?’ वायरमन वर बघत म्हणाला. ‘हे असलं डोकं कुणाचं?’

‘माझं,’ काका म्हणाले.

वायरमनने ती टाळ्यांची गोष्ट निदान दहा वेळा ऐकली होती. त्याने हातातल्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक निरखून पाहिले, पुसले आणि म्हणाला, की उजव्या पाइपात जागा आहे, फेजच्या शेजारून नवा न्यूट्रल ओढता येईल, उद्याचा दिवस पुरेल.

काकांची रीत अशी, की काम पुरे झाल्याशिवाय घरी सांगायचे नाही. आज ती रीत त्यांनी मोडली. ते थेट घरी आले. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती, कान अजून रिकामेच. बोलण्यात अर्थ नव्हता. काकांनी तिच्यासमोर बसून वही उघडली, संहिता शेजारी ठेवली आणि तिने लिहिलेल्या पाची तारखा एकेक करून वहीत उतरवून घेतल्या. दोषाच्या रकान्यात पाचही वेळा लिहिले, ‘डाव्या विंगेत हम.’ मग वही तिच्याकडे फिरवली.

तिने वाचले. पुन्हा वाचले. उठून डबी आणली आणि यंत्र कानात घातले.

‘हे मागच्या तारखांनी लिहिलंय.’

‘हो.’

‘तुम्हाला चालतं असं?’

‘नाही चालत. पण घडलं होतं.’ काकांनी संहितेतल्या रेघेवर बोट टेकवले. ‘तुझं यंत्र बरोबर होतं. तुझा कानही बरोबर होता. तार मीच चुकीची ओढली होती, अठरा वर्षांपूर्वी. आणि तू सांगितलंस तेव्हा मी लिहूनही घेतलं नाही.’

मावशीने घडी घातलेला सदरा उगाचच मोडला आणि पुन्हा घातला. ‘तार गेली चुलीत,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, माझीच उतरती कळा लागली. कान जातोय तर जाऊ दे, पण आता डोकंही चाललं, असं वाटलं. तीन आठवडे झोप नाही मला.’

काकांना हे माहीत नव्हते. ते शेजारच्याच उशीवर झोपत होते.

काही वेळाने तिने विचारले, ‘संहिता दिली का नाहीत मेहुणीला?’

‘बँक उघडायची होती.’

‘म्हणजे उघडी असती तर दिली असती.’

काकांनी विचार केला. ‘दिली असती,’ ते म्हणाले. खोटे बोलणे त्यांना जमत नसे आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्या न जमण्याचा तिला आनंद झालेला दिसला. ती हसली, चांगली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दिग्दर्शकाला काकांनी फोनवर सगळे सांगितले. तो गोंधळला. चुंबक, न्यूट्रल, काही त्याच्या पचनी पडले नाही. शनिवारच्या रंगीत तालमीला मावशींना बसू दे, म्हणाला, पण मेहुणीही तयार राहील. तिथे पुन्हा काही झाले तर मात्र रविवारी माझा नाइलाज आहे. ते काकांना पटले. त्यांनीही असेच म्हटले असते.

शुक्रवारी वायरमन शिडीवर आणि काका खाली असा बंदोबस्त होता. काकांना शिडी चढायची मनाई मावशीने केली होती आणि ती पाळली जातेय की नाही हे बघायला ती स्वतः खुर्चीवर बसली होती. संध्याकाळी चारला नवा न्यूट्रल फेजच्या शेजारून गेला, जुना सुटला आणि वरची रांग पेटवली गेली. काकांच्या हेडफोनमध्ये काहीही आले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेज आले.

‘अजून थोडं आहे,’ मावशी म्हणाली.

काकांनी कॉइल फिरवली. काही नाही. ‘माझ्याकडे येत नाही,’ असे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले. ‘कुठल्या बाजूला मान केलीस की वाढतं?’ त्यांनी विचारले.

तिने सावकाश मान फिरवली. उजवीकडे, खाली. तिथे तिच्या वाचनाच्या दिव्याचा छोटा अॅडाप्टर जमिनीवर पडला होता, तिच्या कानापासून दीड हातावर. काकांनी तो उचलून भिंतीपलीकडे नेला आणि तिच्याकडे पाहिले.

‘आता श्वास येईल,’ ती म्हणाली.

शनिवारी रंगीत तालीम सुरू झाली. मिक्सरवर काकांनी दुसऱ्या कुणाला तरी बसवले आणि स्वतः कॉइल आणि हेडफोन घेऊन विंगेत मावशीच्या मागे उभे राहिले. पलीकडच्या विंगेत मेहुणी टॅबलेट छातीशी धरून बसली होती. तीही घाबरली होती. ही जागा तिला मुळात नकोच होती, हे नंतर तिनेच सांगितले.

दुसरा अंक आला. वर दिवे पेटले. मुलगी दारातून निघाली आणि वकील थांबले. काकांना हेडफोनमध्ये सगळे ऐकू येत होते, लाकडी जमिनीची करकर, दूर कुणाचा तरी गिळलेला खोकला आणि वकिलांचा श्वास. तो वर होता की खाली? काकांना सांगता येईना. आयुष्य आवाजांत काढलेल्या त्या माणसाने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. तीन सेकंद झाले. पाच झाले. पलीकडून मेहुणी पुढे वाकली. प्रेक्षागृहात दिग्दर्शक खुर्चीच्या कडेवर आला. विसरले, काकांची खात्री पटली, हे विसरलेच, दे शब्द, दे. त्यांनी मावशीकडे पाहिले. तिचे बोट ओळीवर स्थिर होते आणि ओठ मिटलेले होते. ती बागेत बसल्यासारखी बसली होती.

नऊ सेकंदांनी वकील म्हणाले, ‘छत्री घेऊन जा.’

ते असे म्हणाले, की काकांना हेडफोन सरळ करण्याचे निमित्त काढून चेहरा फिरवावा लागला.

तिसऱ्या अंकात सगळे निर्धास्त झाले. आणि तिथे, पोरानेही पाठ करावे अशा एका साध्या वाक्यात, ‘उद्या सकाळी मी स्वतः’ असे म्हणून वकिलांचा श्वास वर अडकला. काकांना तो कळायच्या आत पुढे बसलेल्या मावशीच्या ओठांतून एक शब्द निघूनही गेला होता, वाऱ्यावर उडालेल्या कापसासारखा. ‘स्टेशनवर.’ वकिलांनी वाक्य पुरे केले. मध्ये फट उरली नव्हती. असा शब्द मिळालेल्या नटाला तो आपल्यालाच आठवला असे वाटते, आणि तसे वाटले तरच तो नीट दिला गेला असे समजायचे.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक धावतच विंगेत आला. ‘मावशी, आज तुम्हाला तोंड उघडावंच लागलं नाही,’ तो म्हणाला. मग जरा घुटमळला, बुटाने जाजमाची कड सारखी केली आणि म्हणाला, ‘उद्या अर्धा तास आधी याल ना? तुम्ही खुर्चीत दिसलात म्हणजे सगळ्यांना बरं पडतं.’

‘येते की,’ मावशी म्हणाली.

मागून वकील आले, रुमालाने रंग पुसत. आज एकदाही अडखळलो नाही, म्हणाले, तिसरा अंक तर लोण्यासारखा गेला. मावशीने मान डोलावली आणि संहिता पिशवीत घातली. काकांनी तोंड उघडले. झालेली गोष्ट झाली म्हणून सांगणे हा त्यांचा जन्मभराचा धर्म होता. मावशीने फक्त एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि काकांनी तोंड मिटले.

घरी जाताना दोघे पायीच निघाले. रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ होती. यंत्राचे बटण तिने परत हवेवर आणले होते, त्यामुळे हॉर्न वाजला की ती दचके आणि काका तिला आतल्या बाजूला घेत. भाजीच्या दुकानापाशी गर्दी विरळ झाली तेव्हा ती म्हणाली, ‘तुम्ही ऐकलंत वाटतं.’

‘ऐकलं,’ काका म्हणाले.

‘कुणाला सांगू नका हं.’

‘नाही,’ ते म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.